बासष्ट खुंट्या

माळावर बासष्ट खुंट्या ठोकल्या होत्या,
लाल चिंध्या बांधून.
मोजणीच्या पोरांना वाट मीच दाखवली.
मी वायरमन, आणि ह्याच गावचा,
त्यामुळं ग्रामसभेत कुठं बसावं कळेना.
बसलो मागं, चपलांच्या ढिगाशेजारी.

साहेब पुण्याचे. बोलले चांगलं.
कागदावर आमचा माळ निळा रंगवलेला,
त्यावर बारीक अक्षरात : गायरान, पडीक.
कोळसा किती वाचेल ते सांगितलं,
शेतीला दिवसा वीज मिळेल म्हणाले,
मग पाणी पिऊन
पंचगंगेच्या पुरावर आले :
हवा तापते, पाऊस बिघडतो,
म्हणून तर हे सगळं.

सर्जेराव खाडे उठला.
"पूर आला तवा साडेतीनशे जनावर
नऊ दिस कुठं उभं हुतं, इचारा.
ह्याच माळावर.
आता पूर अडवायचा म्हणून
पुरातनं वाचायची जागा द्यायची व्हय?"
टाळ्या त्याच्या मेव्हण्यानं सुरू केल्या.
सर्जेरावाचा दोन एकर ऊस
गायरानात घुसलाय, हे सगळ्यांना ठाऊक,
साहेबांना सोडून.
तरी बोलला ते खरंच होतं.

कुणी म्हणालं, त्या काचांच्या शेजारी
म्हशी आटतात, मोबाइलवर आलंय.
साहेब हसले. हसायला नको होतं.

मग आक्काताई उठली, केरबाची.
सभा गप्प.
केरबा रात्री दोनला उसाला पाणी पाजायला गेला,
पाटात घोणस होती.
त्या आठवड्यात आमची पाळी रात्रीची.
पाळी मी ठरवत नाही, ती वरून येते.
बटण मात्र मी दाबतो.

"मला पायजे दिवसाची लाईट," ती म्हणाली.
"माझं पोरगं अंधारात जाऊ ने.
कारखान्याच्या गोदामावर पत्रं हायत एवढं लांबलचक,
तितं घाला की तुमच्या काचा.
आन् ह्या निळ्यात बगा जरा,
वड्याच्या अंगाला,
तीन दगडं दिसत्यात का?
तितं मी माझा माणूस जाळलाय.
पडीक कुणी लिवलं?"

साहेबांनी नकाशा खरंच पाहिला.
उलटा केला, पुन्हा सुलटा.
वड्याची रेघ होती.
दगड नव्हते.

हात वर करायला सांगितले.
मी कान खाजवायला हात उचलला
आणि ग्रामसेवकानं तो मोजला,
कुठल्या बाजूनं, ते मी विचारलं नाही.

रात्रीत खुंट्या गेल्या.
सकाळी साहेबांचा फोन, सरकारी माल आहे,
गोळा करून ठेवा.
पोतं घेऊन निघालो.
तीन शाळेमागं, स्टंप म्हणून.
एकीला शेवंता बनगरनं कोकरू बांधलेलं,
म्हणाली, न्हे, पर दोरी राहू दे.
नऊ खाडेच्या उसात, चिंध्यांसकट,
मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही.
टमाट्याच्या सरीत, गोबरगॅसच्या खड्ड्यात,
ओढ्यात वाहून अडकलेल्या,
एक मारुतीच्या देवळात, का ते कळलं नाही.
दगडांजवळची एकटी जागच्या जागी होती.
तिला कुणी हात लावला नव्हता.
ती उपटताना मी चप्पल काढली.

एकसष्ट भरल्या.

रात्री दहाला सबस्टेशनात
थ्री फेज सोडला.
अंधारात एकेक मोटर धरत गेली,
मग बांधाबांधावर बॅटऱ्या लागल्या,
खालीवर हलणाऱ्या,
एक आक्काताईच्या शेताकडं,
बरीच पुढं गेलेली.
ती थांबली तशी मीही श्वास धरला.
पुन्हा हलली.

पहाटे घरी आलो तर
परड्यात आईनं घेवड्याला नवा आधार दिलेला,
लाल चिंधीनं वेल बांधून घेतलेला.
"चांगलं लाकूड हाय," ती म्हणाली,
"कुणाचं हाय रं?"

साहेबांना कळवलं :
एक मिळत नाही.